सातवी माळ आणि लसणाचा वास

एका नवरात्रात, सातव्या माळेच्या सकाळी, मी देवीच्या दारात उभी राहून तिच्याशी चक्क भांडले होते. हातात फुलांची टोपली, पाय अनवाणी, सहा दिवसांचा उपवास, आणि घरी माझी चार वर्षांची रत्ना अंथरुणावर निपचित पडलेली. "मी कुठे कमी पडले ते तरी सांग," असं मी मनातल्या मनात तिला विचारत होते. खरं तर विचारत नव्हते, जाब मागत होते. मी कुठेच कमी पडलेले नाही अशी माझी खात्री होती. कोण कमी पडलं हेही मला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला मी त्याच सकाळी वाटेल ते बोलून आले होते. देवीने मला त्या दिवशी जे उत्तर दिलं ते नाकावाटे दिलं. म्हणून आधी माझ्या नाकाविषयी सांगते.

माझं नाक भारी तिखट आहे. दूध नासायच्या आधी मला कळतं. शेजारच्या मळ्यात कोणी कोथिंबीर उपटली तर मला घरात बसून समजतं. माझं लहानपण पंचवटीत गेलं. वडील गोदावरीच्या घाटाजवळ फुलं विकायचे आणि आम्ही बहिणी शाळेतून आलो की हार करायला बसायचो. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, कांदा-लसूण आमच्या दाराच्या आत येत नसे. आणि घरात एक नियम फार कडक होता, देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही. हुंगलेलं फूल उष्टं झालं, ते देवाला चालत नाही. मांडीवर फुलांचा ढीग असला तरी नाक दुसरीकडे. बाकीच्या बहिणी चोरून एखादी मोगऱ्याची कळी नाकाला लावायच्या. मी कधी लावली नाही, आणि ज्यांनी लावली त्यांची नावं वडिलांना जाऊन सांगितली. अशी मी होते.

त्यामुळे माझा आवडता वास फुलाचा नव्हताच. मला आवडायचं ते ओलं गोणपाट. संध्याकाळी खुडलेली फुलं सकाळपर्यंत टवटवीत राहावीत म्हणून वडील गोणपाट पाण्यात बुडवून, पिळून त्यांच्यावर पांघरायचे. सकाळी ते उचललं की ताग, माती आणि गार पाणी यांचा मिळून जो वास यायचा, तो घ्यायला कुठल्या नियमाची आडकाठी नव्हती. मी ते गोणपाट झटकायच्या निमित्ताने तोंडाजवळ धरायचे आणि पोटभर श्वास घ्यायचे. पुढे रत्ना झाली तेव्हा आवडत्या वासांत एकाची भर पडली. तिच्या दाट कुरळ्या केसांत मी खोबरेल तेल जिरवायचे, आणि ती खेळून घामेजली की त्या तेलाचा जो ऊन ऊन वास यायचा, त्याची सर कशालाच नव्हती. नावडत्या वासांत एसटीच्या धुराचा होता, दवाखान्यातल्या फिनेलचा होता, पण या सगळ्यांच्या वरचढ होता लसणाचा. तो मला सोसतच नसे.

आणि लग्न होऊन मी पडले ते नेमकी लसणाच्या घरात. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा. कोबी, मेथी, वांगी, आणि बांधाला लागून झेंडू नि शेवंती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. तरुणपणी वैधव्य आलेलं, मळा एकटीने राखलेला, एकुलता एक मुलगा वाढवलेला. बाईचा हात एवढा खरबरीत की पाठीवरून फिरवला तर पोलक्याचे धागे निघतील. त्या रोज खलबत्त्यात लसूण, सुकी मिरची आणि मीठ घालून चटणी कुटायच्या. मळ्यात कामाला आलेली बाया-माणसं भाकरीबरोबर ती चटणी अशी खायची की बघत राहावं. आत्याबाई स्वतः तर दुसरं काही मागतच नसत. भाजी केली तरी ताटाच्या कडेला चटणीचा गोळा हवाच. त्यांच्या हाताला, पदराला, त्यांनी बांधलेल्या रत्नाच्या झबल्याच्या नाड्यांनाही तोच वास. मी नाक मुरडायचे. त्या हसायच्या.

"आगं, लसनानं रगत पातळ राहतं," त्या म्हणायच्या. "तुमी घाटावरची मान्सं निसती तुळशीची पानं चघळता."

"आमच्याकडे देवाला चालत नाही," मी म्हणायचे.

"तुमच्याकडं देव बी लय नाजूक हाय मग."

मी उलट बोलत नसे, पण मनात धरून ठेवायचे. मळ्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर देवीचं एक लहानसं देऊळ आहे. रत्नाच्या वेळी मी अडले होते, तेव्हा बोललेला नवस फेडायचा म्हणून त्या वर्षी मी नऊ दिवस उपवास धरला, चप्पल सोडली, आणि रोज सकाळी आपल्या मळ्यातल्या झेंडूची माळ देवीला घालायची असं ठरवलं. आत्याबाईंना एवढंच सांगितलं की नऊ दिवस घरात लसूण नको. त्यांनी मान हलवली. पण कोबी भरात आला होता, मळ्यात माणसं होती, आणि कामाच्या माणसाला कोरडी भाकरी घालणं त्यांच्याने होईना. त्यांनी खलबत्ता ओसरीवर नेला आणि तिथे कुटू लागल्या. त्यांच्या मते ओसरी म्हणजे घर नव्हे.

त्या बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. विहिरीला पाणी होतं आणि माणसं हुरूपाने नवीन बी, नवीन खत, नवीन औषध आणत होती. सहाव्या माळेच्या दिवशी दुपारी आमच्या ह्यांनी कोबीवर अळीचं औषध फवारलं. पाठीवरचा पंप गळका होता. अंगावर ओघळ येऊ नये म्हणून त्यांनी पाठीला गोणपाट बांधलं होतं. काम झाल्यावर ते सोडून विहिरीच्या कठड्यावर टाकलं, अंघोळ केली, डोकं दुखतंय म्हणाले आणि आत जाऊन पडले. मी बांधावर झेंडू खुडत होते. तेवढ्यात पावसाची एक सर आली. मागे वळून बघते तर रत्नाने तेच गोणपाट कठड्यावरून ओढून, एक कोपरा दुसऱ्यात खोचून, मोठ्या माणसांसारखी खोळ केली होती आणि डोक्यावर घेऊन मिरवत होती. मला इतकं हसू आलं! सर थांबेपर्यंत, आणि थांबल्यावरही बराच वेळ, ती खोळ घालून अंगणात फिरत राहिली. मग मी तिच्या डोक्यावरून ते काढलं, हौदात बुडवलं, पिळलं आणि फुलांच्या टोपलीवर पांघरलं. घरातली बाकीची गोणपाटं कोबी भरायला गेली होती. हाताशी हेच एक होतं.

लसणाचा वास मला तेव्हाच आला. माझ्या नाकाने मला सांगितलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण चार हातांवर ओसरीत आत्याबाई चटणी कुटत बसल्या होत्या. मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, कपाळाला आठी घातली आणि आत गेले.

सकाळी रत्ना उठली ती उलटी करतच. तोंडातून लाळ गळत होती, सगळं अंग घामाने भिजलेलं, हाका मारल्या तर अर्धवट डोळे उघडून परत मिटत होती. मला वाटलं, काल माझ्याबरोबर भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली ती बाधली. गावातल्या डॉक्टरांना हे बोलावून घेऊन आले. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" मी आमटीचं सांगितलं. त्यांनी पोटाचं औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायला सांगितलं. त्यांना दोष कसा देऊ? त्यांना वाट मीच दाखवली होती.

मग मी माळ करायला बसले. नवस होता, आणि आता तर देवीची गरज कालच्यापेक्षा जास्त होती. गोणपाट उचललं आणि फुलांतून लसणाचा भपकारा आला. माझं डोकंच फिरलं. मला सगळं एकदम लख्ख दिसलं, म्हणजे दिसलं असं वाटलं. आत्याबाईंनी चटणीच्या हाताने देवीच्या फुलांना हात लावला, फुलं बाटली, आणि देवीचा कोप माझ्या पोरीवर आला. त्या रत्नाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन तोंड सोडलं.

"तुम्हाला नऊ दिवस कळ काढवली नाही ना? देवीच्या फुलांना लसणाचे हात लावलेत. बघा आता माझ्या पोरीचं काय झालंय!"

"म्या टोपलीला हात नाय लावला गं," एवढंच म्हणाल्या. मग रत्नाच्या तोंडावरची लाळ पदराने पुसली आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. आपण हात लावला की नाही हेच त्यांना आता नक्की आठवेनासं झालं होतं. मी ते बघितलं, आणि माळ पुरी करून देवळाकडे निघाले.

देवळात त्या दिवशी बऱ्यापैकी गर्दी होती. मी रांगेत उभी राहून देवीशी भांडत होते, ते वर सांगितलंच. माझ्या पुढे एक वयस्कर बाई होती, काष्ट्याचं लुगडं नेसलेली, काखेत कापडी पिशवी. ती मागे वळली, माझ्या टोपलीकडे बघितलं, आणि काही न विचारता माळेचं टोक उचलून सरळ नाकाला लावलं. मोठा श्वास घेतला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बालपणापासून जपलेला नियम, आणि कोण कुठली बाई तो माझ्या डोळ्यांसमोर मोडत होती!

"अहो, देवीची फुलं हुंगता?" मी ओरडले. "आधीच लसणाच्या हातांनी बाटली आहेत!"

ती काही ओशाळली नाही. तिने परत एकदा वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माय, हाऊ लसूण नही शे. हाऊ औषधना वास शे."

बोली बागलाणातली होती. कांद्याच्या दिवसांत सटाण्याकडच्या बाया आमच्या बाजूला येतात, त्यामुळे मला ती समजते. मी म्हटलं, कसलं औषध? फुलांना आम्ही काही मारत नाही. तिने माझा हात धरला आणि मला रांगेतून बाहेर काढलं. तिचा धाकटा भाऊ कांद्यावर औषध फवारून आला, अंगावरचे भिजलेले कपडे तसेच ठेवून झोपला आणि सकाळी गेला. त्याच्या सदऱ्याला असाच वास होता. घरच्यांना वाटलं त्याने लसणाची चटणी खाल्ली. "मना भाऊ असाच गया," ती म्हणाली, आणि मग विचारलं, "घर मा कोन्ही आजारी शे का?"

रत्ना, मी म्हटलं. लाळ गळतेय का, तिने विचारलं. घाम? मी नुसती मान हलवत होते. आणि तेव्हा मला रत्नाच्या डोक्यावरची ती खोळ दिसली. हसत हसत बघितलेली, नंतर माझ्याच हाताने फुलांवर पांघरलेली. मी तिला गोणपाटाचं सांगितलं.

"ते गोणपाट संगे ली जा," ती म्हणाली. "डॉक्टरले दखाड. पळ, माय."

मी पळाले. माळ टोपलीत तशीच, देवीला न घालता, नमस्कारही न करता. नऊ दिवसांतली सातवी माळ चुकली हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

घरी पोचले तेव्हा रत्ना अजून आत्याबाईंच्या मांडीवर होती. मी वाकून तिच्या केसांत नाक खुपसलं. वरून खोबरेल तेल, आणि खाली, मुळांशी, तोच वास. इतकी वर्षं मी या वासाला ओळखते म्हणून मिरवत होते, आणि ओळखत नव्हते. आत्याबाईंची चटणी वेगळी होती. तिच्यात मिरचीचा ठसका होता, भाजल्याचा खमंगपणा होता, चुलीचा धूर होता. हा वास नुसताच लसणासारखा होता, मागे काहीच नसलेला. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघितले असते तर पोरालाही फरक कळला असता. पण त्यासाठी आवडत नाही तेही जवळ घेऊन हुंगावं लागतं.

फवारणीआधीच काढून ठेवलेला कोबी न्यायला टेंपो आला होता. ह्यांनी अर्धवट भरलेला माल खाली ओढला आणि आम्ही तसेच नाशिकला सरकारी दवाखान्यात गेलो. गोणपाट मी जुन्या लुगड्यात बांधून घेतलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी रत्नाचे डोळे उघडून बघितले, बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मी गाठोडं सोडलं. त्यांनी लांबूनच वास घेतला आणि एकदम उठल्या.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला आणायला?"

"देवळात एक बाई होत्या."

"बरं झालं आणलंत. पोट बिघडलेलं लेकरू म्हणून बघितलं असतं तर वेळ गेला असता."

मग धावपळ सुरू झाली. रत्नाचे कपडे काढून तिला साबणाने न्हाऊ घातलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केस दाट आहेत, त्यात औषध मुरलेलं आहे, कापावे लागतील. एका नर्सने कात्री दिली आणि मीच कापले. माझ्या आवडत्या वासाचं ते घर मी माझ्या हाताने मुळापर्यंत उतरवलं. एकामागून एक सुया चालल्या होत्या. दर थोड्या वेळाने बाई येऊन तिच्या ओठांना बोट लावून बघायच्या. तोंड कोरडं पडलं की औषध लागू पडलं असं समजायचं, असं त्यांनी मला सांगितलं. मी खाटेशी उभी होते. चारही बाजूंना फिनेलचा वास, माझ्या यादीतला दुसऱ्या नंबरचा शत्रू, आणि मी तो छाती भरभरून घेत होते. कारण त्यात लसूण नव्हता.

मी तेव्हा कोणता नवस बोलले नाही. तोंडाने देवीचं नावसुद्धा घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे देवीपुढे ठेवायला काही नव्हतं. उपवास होता तो गर्वाने बाटलेला, माळ होती ती विषाची, आणि नियम पाळल्याचा ताठा तर त्या देवळाच्या रांगेतच गळून पडला होता. एवढंच मनात आलं की आता तुला जे करायचं ते तू कर, मला काही कळत नाही. हे म्हटल्यावर मला रडू फुटलं, आणि रडून झाल्यावर विलक्षण शांत वाटलं. ती शांतता कुठून आली ते मी सांगू शकत नाही. ती होती, एवढं मात्र नक्की.

दुपार टळता टळता रत्नाचे ओठ कोरडे पडले. गाल लाल झाले. संध्याकाळच्या सुमाराला तिने डोळे उघडले आणि कुरकुरत म्हणाली, "आई, पाणी." डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात बोट फिरवून बघितलं आणि हसल्या. त्यांचं हसू बघून मी तिथेच खाली फरशीवर बसले.

आम्ही घरी आलो ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. रत्ना डोकं भादरलेली, हलकी झालेली, पण बडबड सुरू झालेली. आत्याबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला उचलून कवटाळलं. माझ्याशी त्या नेहमीसारख्याच बोलल्या, आणि त्यामुळे मला जास्त लाज वाटली. दुपारी माणसांची भाकरी वाढायची वेळ झाली. ताटांत कांदा होता, पिठलं होतं, चटणी नव्हती. मी खलबत्ता शोधायला लागले. तो कोपऱ्यात पालथा घातलेला होता, धुऊन, पुसून, कोरडा.

"आत्याबाई, चटणी?"

"सोडली," त्या म्हणाल्या.

"सोडली म्हणजे?"

"तू पोरीला घिऊन गेली ना, तवा म्या देवीम्होरं हात जोडले. म्हनले, माझ्या हातानं काय झालं आसंल तर त्याची शिक्षा मला दी. पोरगी वाचव. मी लसनाला परत तोंड लावायची नाय."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. चूक तुमची नव्हतीच, मी म्हटलं. गोणपाट मी घातलं, वास मला आला होता, मी तुमच्यावर ढकललं. नवस चुकीच्या कारणाने बोललात, तो सोडून द्या. मी देवीची माफी मागते, भटजींना विचारते, काय वाटेल ते करते. त्या माझ्या डोक्यावरून तो खरबरीत हात फिरवत राहिल्या.

"पोरगी वाचली ना?" त्या म्हणाल्या. "मग चुकीचं कारन कसं? म्या मागितलं, तिनं दिलं. आता मी मागं सरू व्हय?"

मी नाकाने कांदे सोलणारी बाई नऊ दिवसांचे नियम पाळून देवीकडून हिशोब मागत होते, आणि ज्या बाईला मी बाटवणारी ठरवलं तिने न केलेला गुन्हा पोटात घालून, आयुष्यातली एकुलती एक चैन देवीच्या पायाशी ठेवून दिली होती. कोणाचं ऐकून देवीने रत्नाला परत दिलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बागलाणातल्या त्या बाईला मी खूप शोधलं. देवळातल्या गुरवाला विचारलं, त्याला एवढंच आठवत होतं की सटाण्याची गाडी चुकली म्हणून एक बाई दर्शनाला थांबली होती. पुढची कितीतरी वर्षं कांद्याला येणाऱ्या बायांना मी विचारत राहिले, अशी अशी बाई, भाऊ औषधाने गेलेला. कोणाला सांगता आलं नाही. लोक म्हणतात देवीच आली होती. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तिची गाडी चुकली, ती माझ्या पुढे उभी राहिली, आणि जो नियम मी उभ्या जन्मात मोडला नसता तो तिने माझ्यासाठी मोडला. मला तेवढं पुरतं.

आता रत्ना कॉलेजात आहे, केस पुन्हा दाट झालेत, आणि तेल लावायला बसवलं तर पळते. मळ्यात कोबी जाऊन द्राक्षं आली, औषधं तर पहिल्यापेक्षा जास्त आली. फवारणीचं गोणपाट आमच्याकडे त्याच दिवशी जाळतात, आणि घरातल्या कुठल्याही ओल्या गोणपाटाचा वास मला आता सहन होत नाही. नवरात्रात देवीची माळ अजून मीच करते. प्रत्येक फूल आधी मी हुंगते. एकदा गुरवाने टोकलं, ताई, उष्टं होतं. मी म्हटलं, होऊ दे. तिला घालायचं ते मी आधी जवळ घेऊन बघणार. देवीची काही तक्रार आलेली नाही.

आणि चटणी मी कुटते. दसऱ्यानंतरच्या त्या दुपारीच मी खलबत्ता सुलटा केला आणि ओसरीवर बसले. लसूण सोलताना पहिल्या दिवशी मला मळमळलं, पण मी उठले नाही. मिरची किती, मीठ कधी घालायचं, हे आत्याबाई लांबून सांगत होत्या. थोड्या वेळाने त्या लांबून जवळ आल्या. पाट घेऊन माझ्या शेजारी टेकल्या, डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेऊ लागल्या. मी बत्ता थांबवला. म्हटलं, आत्याबाई, तुम्हाला त्रास होत असेल तर मी मागच्या अंगाला जाऊन कुटते.

"कूट गं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "देवीला म्या खानार नाय म्हनले. हुंगनार नाय आसं कुठं म्हनले?"

तेव्हापासून चौदा वर्षं हे चाललंय. आता त्यांना नीट दिसत नाही, ऐकू कमी येतं, पण बत्त्याचा पहिला घाव बसला की त्या भिंत धरत धरत ओसरीवर येतात. त्यांच्या ताटात भाकरीशेजारी मीठ असतं. जेवायच्या आधी त्या हात पुढे करतात, आणि मी चटणी कुटलेला माझा हात, न धुता, त्यांच्या हातात देते. त्या तो नाकाशी धरतात, पोटभर वास घेतात आणि मग पहिला घास मोडतात. जेवण झाल्यावर मी तो हात धुते, पण वास काही जात नाही, आणि तो जावा असं मला आता वाटतही नाही.